सकाळची बोटं

नूतन माझी धाकटी जाऊ. लोणी गावात आमचं एकच घर, एकच गोठा, फक्त चुली आता दोन. तीन वरसं झाली, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. गॅस संपला, वासरू सुटलं, आत्याबाई, म्हंजे आमची सासू, बोलावत्यात, बस्स. त्याच्या पुढं एक अक्षर न्हाई. मी बी काय तिच्या दारात पदर पसरून बसलेली न्हाई. मला तिचा राग येतो. समोरून ताठ मानेनं गेली की तळपायाची आग मस्तकाला जाते. पण तिची हकिकत सांगायची तर ती मीच, लंकाबाईनंच सांगायला पायजे, कारण त्यातलं निम्मं वाईट माझ्या तोंडून झालेलं हाय.

तिचं माहेर आळे गाव. बापाच्या दारात आठ गाया, त्यामुळं धार काढायला तिला कुणी शिकवलं नसंल, बघून बघूनच आलं असंल. ती लग्न होऊन आली तवा आमच्याकडं एक जर्सी व्हती, लई लाथाळ. माझ्या नवऱ्याला, गोरखला, तिनं दोनदा बादलीसकट उताणं पाडलंतं. मागचे पाय बांधल्याबिगर तिच्याखाली कुणी बसत नव्हतं. नूतन चौथ्या दिवशी हिरव्या चुड्यानिशी गोठ्यात गेली, पाय न बांधता खाली बसली अन् बादली भरून उठली. त्या दिवसापासनं दोन्ही वेळची धार तिची झाली. दूध न्यायला बाळासाहेबाची पिकअप दारात येती. तो एकदा सासूला म्हणला, धाकटीच्या हाताला गाया जास्त पान्हा सोडत्यात. मी शेजारी किटली घेऊन उभी व्हते. तिच्या आधी बारा वरसं मी धारा काढल्या व्हत्या, मला कधी कुणी असं म्हणलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हंजे पुढचं तुमाला नीट कळंल.

आरती, म्हंजे तिची पोरगी, पहिलीत गेली त्या हिवाळ्यात सगळं सुरू झालं. आधी नूतनच्या बोटातली अंगठी निघंना. साबण लावला, दोरा गुंडाळला, तवा कुठं सुटली. मग एका पहाटे ती धारेला बसली आणि तशीच रिकामी बादली घेऊन उठली. म्हणली, बोटं मिटत न्हाईत. सासूनं तिचा हात उलटापालटा करून बघितला आणि म्हणली, गारठ्यानं झालं असंल, शेक. तिनं चुलीपाशी बसून शेकला. नऊ वाजले, ऊन अंगणात आलं आणि बोटं हळूहळू मिटायला लागली. संध्याकाळी तिनं चारी गायांच्या धारा काढल्या, थेंब मागं ठेवला न्हाई. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तेच.

आता आमच्या घरात दुखण्याची पारख सासूच्या गुडघ्यांवरनं ठरलेली. साळुबाई, माझी सासू. तीस वरसं शेतात उकिडवं बसून तिनं कांदा काटला, पाती छाटल्या, दोन्ही गुडघे झिजून गेले. ती सकाळी उठली की पाच-धा मिनटं आखडते, मग चालती. जेवढं राबंल तेवढं दुखतं, आणि खाटंवर आडवी झाली की कळ थांबती. त्यामुळं आमाला सगळ्यांना एकच म्हाईत, की खरं दुखणं कामानं वाढतं अन् इसाव्यानं उतरतं. आणि हिचं बगा. रातभर झोपून उठली की हात लाकडाचे, अन् दिवसभर काम केलं की संध्याकाळी मोकळे. पहाटे साडेचारला यायचं अन् ऊन पडलं की निघून जायचं, हे कसलं दुखणं? मी म्हणले, ह्याला दुखणं म्हणत न्हाईत, आळस म्हणत्यात.

मी म्हणले आणि घरानं ऐकलं. पहाटेच्या धारा परत माझ्या गळ्यात पडल्या. कडाक्याच्या थंडीत मी गाईखाली बसायची अन् तिच्या खोलीचं दार लावलेलं. मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले. एकदा दुपारी दोन वाजता ती ओट्यावर आरतीच्या वेण्या घालत व्हती, तीन पदरी, रिबीन लावून, झोकात. मी सासूला हाताला धरून बाहेर आणलं आणि दाखवलं. सकाळी हिला सड धरता येत न्हाई अन् दुपारी रिबिनीचं फूल करता येतं. त्या रातीपासनं सासूनं नूतनला भाकरी वाढायचं सोडलं. नूतननं आपलं आपण वाढून घ्यायचं.

तिच्या मुठीची हाडं सुजलेली व्हती. दोन्ही हातांची, सारख्याच जागी, आणि हात लावला की गरम. ती मला दिसली नव्हती असं न्हाई. दिसली व्हती. मला वाटलं, झोपून झोपून सूज आली असंल.

मग दुसऱ्या हिवाळ्यातली, माघातली ती सकाळ. तिचा नवरा ज्ञानेश्वर मंचरला भाजीची गाडी घेऊन जातो, पहाटेच निघतो. त्या दिवशी बटाट्याचा माल व्हता म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधीच गेलता. दारात बाळासाहेबाची पिकअप उभी, त्याचा डायव्हर, शेजारचे दोघं जण आपापल्या किटल्या घेऊन आलेले. मी दूध ओतत व्हते. नूतन खोलीतनं आली. पदर छातीशी गच्च धरलेला, केस मोकळे. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणली, "जाऊबाई, एवढी हुकं लावता का?"

माझ्या हाताला शेण, डोक्यात राग, पाठ मोडलेली. मी मोठ्यानं म्हणले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नवऱ्याकडनं लावून घे. रातीला बरी चालत्यात तुझी बोटं."

डायव्हर फसकन हसला. शेजारच्यांनी तोंडं फिरवली, पण खांदे हालत व्हते. बाळासाहेब मापावर वाकला. नूतन तशीच पदर धरून आत गेली. मला त्या वेळी लई बरं वाटलं, खोटं का सांगू. दोन हिवाळ्यांचा गारठा निघून गेल्यागत वाटलं.

ते वाक्य गावभर झालं. दूध घालायला जमलेली पोरं तिला बघून बोटं मिटायची अन् उघडायची. चक्कीवर, किराणाच्या दुकानात, सगळीकडं. ती दहाच्या आधी बाहेर पडायची बंद झाली. ज्ञानेश्वरला कुणी सांगितलं का न्हाई, मला तवा म्हाईत नव्हतं. तो माझ्या नजरंला नजर देत नव्हता एवढंच.

औषध केलं न्हाई असं कुणी म्हणू नये. औषध केलं, आमच्या पद्धतीचं. वात हाय म्हणून सासूनं तिचं सगळं वातूळ खाणं बंद केलं. दही न्हाई, ताक न्हाई, बटाटा न्हाई, हरभऱ्याची डाळ न्हाई, वाटाणा न्हाई. चाळीस लिटर दूध घालणाऱ्या घरातली बाई कोरा चहा पिऊन दिवस काढायची. गळ्याची हाडं वर आली. मग कुणीतरी आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या एका बाबाच्या पुड्या आणून दिल्या. तिसऱ्या दिवशी बोटं मिटली. आठवड्यात ती पहाटे गोठ्यात आली. मी म्हणले, बघा, बाबानं नाटक उतरवलं. दोन-अडीच महिने गेले, तिचं तोंड फुगून गोल झालं, आणि मग तो बाबा यायचाच बंद झाला. पुड्या संपल्या तशी ती पार आडवी झाली. पायाचे चवडे बी टेकवंनात. त्या पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं असणार, सूज तेवढी दाबली अन् आजार आत तसाच चालू राहिला, हे पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. आमी मात्र म्हणलं, परत सोंग आलं.

पुढच्या हिवाळ्यात आमची चंद्री गाय एका सकाळी उठताना आखडली. चार पावलं लंगडली, मग चालायला लागली. मी त्याच मिनटाला गोरखला म्हणले, डॉक्टरला फोन लाव. नऊच्या आत दादाभाऊ डॉक्टर दारात. जनावरांचे डॉक्टर, वाणीचे फटकळ, पण हाताला गुण हाय. मी त्यांना सगळं नीट सांगितलं, उठताना आखडते, चालली की मोकळी होते, पुढच्या उजव्या पायाला हात लावू देत न्हाई. त्यांनी नूतनला गाईचा कासरा धरायला सांगितलं. तिला बोटांनी धरता येईना. तिनं तो कोपरापाशी दोन वेढे देऊन गुंडाळला अन् अंगाचा भार टाकून उभी राहिली.

डॉक्टरांनी गाईचा पाय सोडला आणि हिच्या हाताकडं बघत राहिले. सकाळी किती वेळ आखडतात, इचारलं. ती म्हणली, दोन तास, कधी जास्त. दोन्ही हात? दोन्ही. पाय? चवडे. अंगात कणकण? हो. थकवा? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला राग आला. माणसांच्या दुखण्यात ह्यांचं काय काम? मी म्हणले, डॉक्टर, तुमी गाईचं बघा.

ते माझ्याकडं वळले. "वहिनी, गाय आज आखडली अन् तुमी मला आज बोलावलं. ह्यांना किती दिवस झाले?"

नूतनच म्हणली, दोन वरसं.

त्यांनी तिथंच शेणात उभं राहून सांगितलं. त्यांच्या सख्ख्या बहिणीला हाच आजार, म्हणून त्यांना म्हाईत. म्हणले, तुमच्या सासूबाईंचे गुडघे झिजलेत, हाडांच्या टोकावरची गुळगुळीत गादी गेली, म्हणून चालल्यावर दुखतं अन् पडल्यावर थांबतं. ह्यांचं उलट. अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगाशी भांडते, तीच चुकून आपल्या सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं. माणूस पडून राहिला की सूज आखडून बसते, हालचाल केली की मोकळी होते. म्हणून सकाळी लाकूड अन् दुपारी वेणी. त्यालाच तुमी नाटक म्हणत असाल तर तीच ह्या आजाराची खूण हाय. दह्यानं होत न्हाई, ताकानं होत न्हाई, एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई. मी जनावरांचा माणूस, मी गोळी देणार न्हाई. सांधेवाताच्या डॉक्टरला ह्याच आठवड्यात दाखवा, कारण ही सूज हाड खाते, अन् खाल्लेलं हाड परत येत न्हाई.

वेणीचं त्यांना कुणी सांगितलं, मला कळंना. आरती गोठ्याच्या दारात उभी व्हती. तिनं सांगितलं असंल.

ज्ञानेश्वर तिला पुण्याला घेऊन गेला. रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. परत आला तो ओट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर बोलला, चप्पल बी न काढता. म्हणला, उजव्या हाताची करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट गेलं, ती वाकडीच राहणार. डाव्या हाताची वाचतील, पायबी वाचतील. पहिल्या हिवाळ्यात आणलं असतं तर सगळी वाचली असती, असं डॉक्टर म्हणले. आठवड्यातनं एकदाच घ्यायची गोळी हाय, सोमवारी. रोज घेतली तर जिवावर बेतंल, तवा कुणी मधे शहाणपणा करू नका. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. अन् दूध, दही, ताक, डाळ, सगळं खायचं. एवढं बोलून तो थांबला आणि मग माझ्याकडं बघून म्हणला, "वहिनी, दोन वरसं मी रोज पहाटे तिची हुकं लावून मगच गाडीवर बसत व्हतो. फक्त त्या दिवशी मला घाई व्हती."

सासू पदर तोंडाला लावून आत गेली. मी तिथंच बसून राहिले.

गोळी लागू पडायला तीन महिने लागले. एका सकाळी गोठ्यात येऊन तिनं चंद्रीच्या सडाला हात घातला. डाव्या हातानं सरळ धार आली, उजव्या हातानं तीन बोटांत वाकडी. दोन धारा काढून ती उठली आणि गोरखला म्हणली, धार काढायचं मशीन आणा, माझ्या हाताच्या भरवशावर गोठा चालवू नका. मशीन आलं. आता गोठ्याचा सगळा कारभार तिचाच हाय, मी शेण काढते. आणि तिनं आपल्या सगळ्या ब्लाऊजना पुढं चेन लावून घेतली.

मी काय दगड न्हाई. एका दुपारी खरवसाची वाटी घेऊन तिच्या चुलीपाशी गेले. ती तळहाताच्या मुळाशी कणीक दाबत व्हती, दोन वाकडी बोटं वर उचललेली. मी म्हणले, नूतन, माझं चुकलं. ती मळायची थांबली न्हाई. वर न बघता म्हणली, "तुमी चारचौघांत बोललात जाऊबाई. माफी अशी कोपऱ्यात का मागताय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी मोठी जाऊ तिच्या दारात येती, आणि हिचं हे? वाटी उचलली अन् माघारी आले. खरवस गोरखनं खाल्ला. त्यानंतर मी परत गेले न्हाई, आणि तिनं बी बोलावलं न्हाई. मी मनाशी म्हणले, जा मर.

आता ह्या मे महिन्यात माझ्या पोरीचं, समृद्धीचं लग्न झालं. घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज मंचरच्या एकाच शिंप्याकडं टाकले व्हते, एकसारखे, मोरपिशी. त्यानं सगळ्यांना हुकं लावून दिली, नूतनच्याला बी. चेन सांगायची राहून गेली. माझ्याकडनंच राहिली, मापं मीच देऊन आलते. मुद्दाम न्हाई, पण राहिली. हुकासारखं बारीक काम त्या बोटांना होत न्हाई.

दारातच मांडव, दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मांडवाचं कापड तापलेलं, पंखे गरम वारा फेकत्यात, माणसं रुमालानं माना पुसत्यात. आणि नूतन पुढच्या रांगेत गरम शाल अंगाभोवती घट्ट लपेटून बसलेली. कपाळावरनं घाम वाहतोय, पुसत न्हाई. जो तो इचारायला लागला, ताप हाय का, बरं न्हाई का. ती प्रत्येकाला एकच सांगत व्हती, "थोरल्या जाऊबाईंना इचारा. त्यांना म्हाईत हाय."

आणि ते येत व्हते. माझी भावजय आली. चक्कीवाली आली. मी म्हणत व्हते, असंल काहीतरी, बसा तुमी. मग नवी विहीण, समृद्धीची सासू, माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच इचारलं, तुमच्या धाकट्या जावंला काही आजार हाय का, घरात कुणाकुणाला हाय. मी उठले, नूतनपाशी गेले, वाकून कानात म्हणले, आत चल, मी लावते हुकं. ती समोर बघत म्हणली, न्हाई. तिच्यामागं दोन हातांवर आरती उभी व्हती. चांगली जाणती पोरगी, रोज आईची वेणी घालणारी. तिला सांगितलं असतं तर अर्ध्या मिनटाचं काम व्हतं. तिला सांगितलं नव्हतं. तवा मला कळलं की ही सकाळपासनं माझी वाट बघत बसली हाय, आणि वेळ पडली तर संध्याकाळपर्यंत त्या शालीत बसंल, चक्कर येऊन पडंल, पण उठणार न्हाई.

मला लई राग आला. माझ्या पोरीचं लग्न, आज, इथं. समोर विहीण, व्याही, सगळी लोणी. बाळासाहेब दुसऱ्या रांगेत, त्याचा डायव्हर त्याच्या शेजारी. सासू माझ्याकडं बघत व्हती. मी परत एकदा नूतनकडं बघितलं. तिच्या ओठावर घाम जमला व्हता आणि ती वाकडी बोटं शालीच्या काठावर ठेवलेली.

मी सरळ उभी राहिले आणि बोलले.

"हिला संधिवात हाय. एकाचा दुसऱ्याला लागत न्हाई, गोळी चालू हाय. हिची बोटं पहाटे मिटत नव्हती ते खरं व्हतं. मी नाटक म्हणले अन् तुमी सगळ्यांनी माझं ऐकलं. दोन वरसं हिला डॉक्टरकडं नेलं न्हाई, त्यात ही दोन बोटं गेली. अन् हुकावरनं मी दारात जे बोलले, ज्याच्यावर तुमी हसलात, ती माझी घाण व्हती. हिची न्हाई."

वाजंत्रीवाल्यांनी सुद्धा थांबून बघितलं. डायव्हरनं मान खाली घातली. बाळासाहेब हातातला पाण्याचा ग्लास फिरवत बसला. विहीण एकदा माझ्याकडं, एकदा नूतनकडं बघत राहिली. मी रडले न्हाई, मला रडू आलं बी न्हाई, मला तिचा गळा धरावासा वाटत व्हता.

नूतन उठली. शाल सावरली, माझ्या अंगाला अंग न लावता माझ्यासमोरनं गेली आणि खोलीच्या दाराशी थांबली.

"आरती," ती म्हणली, "चल, हुकं लाव."

माझे दोन्ही हात रिकामे व्हते.